स्टॉक फोटोग्राफी: विक्रीचे आकडे बघून वर्षभर काम केल्यानंतर

मी स्टॉक फोटो काढते, म्हणजे एजन्सींच्या साइटवर फोटो ठेवते आणि गिऱ्हाईकं ते वापरायचा परवाना विकत घेतात. गेल्या वर्षभरात आकडे न बघता मी एकही शूट केलं नाही. विक्रीची स्वतः ठेवलेली शीट, अ‍ॅडोबी स्टॉक या एजन्सीवरचा शोध, अलामी या एजन्सीचं मेझर्स (शोधांची आकडेवारी) आणि गूगल ट्रेंड्स हीच माझी मुख्य साधनं, आणि चारही फुकट आहेत. अपलोड आधीपेक्षा कमी झालेत आणि कमाई वाढलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नाशिकची. खाद्यपदार्थ, शेती आणि घरातलं रोजचं जगणं हे माझे विषय. निसर्ग किंवा शहरं टिपणाऱ्यांना माझ्यापेक्षा वेगळी उत्तरं मिळतील, पण बघण्याची रीत त्यांनाही उपयोगी पडेल.

सुरुवात शीटपासून करते, कारण सगळ्यात जास्त फायदा तिचाच झाला. एजन्सीच्या डॅशबोर्डवर सर्वाधिक विकलेले फोटो आधी दिसतात. बघायला बरं वाटतं, पण पुढं काय काढायचं हे त्यातून कळत नाही. जो फोटो विकला जातो तो शोधात वर सरकतो, आणि वर सरकला की आणखी विकला जातो. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या फोटोची आजची कमाई बरीचशी त्याला मिळालेल्या जागेची असते. हुबेहूब तसाच फोटो आज टाकला तर त्याला ती जागा मिळत नाही. म्हणून मी एकेका फोटोचा हिशेब सोडला आणि शूटचा हिशेब धरला. प्रत्येक शूटची एक ओळ: विषय, किती फोटो मंजूर झाले, खर्च (भाजी-किराणा, पेट्रोल, मॉडेलचं मानधन), एडिटिंग आणि कीवर्ड (फोटो शोधात सापडावा म्हणून जोडायचे शब्द) भरायला गेलेला वेळ, आणि पहिल्या बारा महिन्यांत सगळ्या एजन्सी मिळून आलेले डॉलर. जुन्या शूटच्या ओळी एजन्सींच्या नोंदी उकरून भरल्या. बारा महिन्यांची मर्यादा फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर जुनं शूट नेहमीच जिंकतं, कारण त्याला कमवायला जास्त वर्षं मिळालेली असतात.

आकडे फसवतात कुठं, हेही लिहायला हवं. शटरस्टॉक या एजन्सीवर जून 2020 पासून फोटोंच्या विक्रीत आपल्याला मिळणाऱ्या वाट्याच्या सहा पायऱ्या आहेत. वर्षाच्या पहिल्या 100 डाउनलोडपर्यंत 15 टक्के, 250 पर्यंत 20, 500 पर्यंत 25, असं करत 40 टक्क्यांपर्यंत. दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणजे जानेवारीत प्रति डाउनलोड मिळणारी रक्कम पडते ती फोटोंमुळे नाही. जानेवारीची तुलना डिसेंबरशी करू नका, मागच्या जानेवारीशी करा. अ‍ॅडोबी स्टॉकवर फोटोला 33 टक्के आणि व्हिडिओला 35 टक्के असा ठरलेला दर आहे, त्यामुळे मागणी खरंच वाढली की घटली हे मी तिथल्या आकड्यांवरून ताडते. दुसरा फसवा आकडा एक्स्टेंडेड लायसन्सचा, म्हणजे जास्त व्यापक वापराच्या महागड्या परवान्याचा. असा एखादा मोठा व्यवहार झाला की अख्खं शूट सोन्याचं वाटायला लागतं. तशा विक्रीचा रकाना मी वेगळा ठेवते आणि निर्णय घेताना तो झाकून ठेवते.

शीट भरल्यावर जे दिसलं त्यानं माझं काम बदललं. लाकडी फळीवर मांडलेली थाळी, वरून काढलेली, हे माझं आवडतं काम. फोटो पटापट मंजूर होतात, पण प्रति फोटो कमाई तळाला. त्याच पदार्थांमागची माणसं मात्र चालतात: भाकरी थापणारे हात, नातवाला मोबाईल शिकवणारी आजी, हातगाडीवर क्यूआर कोड स्कॅन करून भाजी घेणारं गिऱ्हाईक. क्यूआरच्या स्टिकरवर कंपन्यांची नावं असतात, आणि जाहिरातीसाठी विकायच्या फोटोत बोधचिन्ह चालत नाही, म्हणून मी कुठलंही नाव नसलेलं स्टिकर स्वतः छापून घेते. ओळखू येईल अशा प्रत्येक माणसाची मॉडेल रिलीजवर (फोटो विकायच्या संमतीपत्रावर) सही हवीच, लहान मुलांसाठी आईवडिलांची. सही नसेल तर फोटो फक्त एडिटोरियल, म्हणजे बातम्या-लेखांपुरता, म्हणून जातो आणि जाहिरातीचं गिऱ्हाईक हातचं जातं. मानधन आणि सह्यांची धावपळ धरूनसुद्धा माणसांची शूट माझ्या शीटमध्ये वर आहेत. हे मला आकड्यांशिवाय पटलं नसतं, कारण थाळ्या काढायला सोप्या आणि दिसायला देखण्या.

पण स्वतःची विक्री फक्त आपण काढलेल्याच विषयांबद्दल बोलते. न काढलेल्या विषयांसाठी बाजार बघावा लागतो. अ‍ॅडोबी स्टॉकवर विषय टाकते, क्रम डाउनलोडनुसार लावते आणि पहिली दोन-तीन पानं निवांत बघते. कोण विकलं जातंय यापेक्षा कोण दिसत नाही हे शोधते. ठिबक सिंचन टाकलं की हिरवीगार शेतं आणि नळीतून पडणारा थेंब यांचा ढीग आहे. ठिबकच्या नळ्या धुणारा, फिल्टर साफ करणारा आपल्याकडचा शेतकरी फारसा दिसला नाही. कांद्याचे ढीग भरपूर, पण कांदाचाळीत कांदा निवडणाऱ्या बायका कमी. आमच्या जिल्ह्यात हे विषय रस्त्यालगत आहेत. मग तोच शोध एआय चित्रं वगळून पुन्हा करते. अ‍ॅडोबी स्टॉक अशी चित्रं खूण लावून स्वीकारतं आणि शोधात ती वगळायची सोय देतं. दोन्ही निकालांतला फरक मोठा असेल तर त्या विषयात गर्दी वाढलीय असं समजते. 'निरोगी नाश्ता' असल्या सर्वसाधारण विषयांकडे मी आता फिरकत नाही. उलट गुढीपाडव्याची एआय चित्रं बघा: कलश सुलटा, कडुलिंबाच्या जागी भलतीच पानं. नऊवारीचा काष्टा तर क्वचितच बरोबर येतो. ज्याला नेमकं हवंय त्या गिऱ्हाइकाला खरा फोटो लागतो, आणि तो आपण देऊ शकतो.

अलामीचं मेझर्स हे मला सर्वात आवडलेलं साधन. गिऱ्हाइकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले, आपले फोटो किती वेळा दिसले, त्यांतले किती उघडून पाहिले गेले, हे सगळं त्यात दिसतं. ऑल ऑफ अलामी या भागात तर अख्ख्या साइटवरचे शोध बघता येतात. फोटो खूप वेळा दिसतो पण कुणी उघडत नाही, तेव्हा मी कीवर्ड तपासते. बहुतेक वेळा एखादा सैल शब्द चुकीच्या गर्दीत फोटो ढकलत असतो. हीच शिस्त मी अ‍ॅडोबीला लावली. तिथं 49 कीवर्ड देता येतात, पण पहिल्या दहांना जास्त वजन आहे, म्हणून खऱ्या गिऱ्हाइकांनी वापरलेले शब्द आधी.

गूगल ट्रेंड्समध्ये 0 ते 100 हे आकडे सापेक्ष असतात, खरी शोधसंख्या नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की ते कामाचं आहे. वेब शोधाऐवजी इमेज शोध निवडा आणि देश बदलून बघा. सणांचे फोटो मी तीन-चार महिने आधी चढवते, कारण डिझायनर सणाच्या दिवशी काम करत नाहीत. संक्रांत सोपी, बहुधा 14 जानेवारी. बाकी सणांत पंचांग आडवं येतं. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टची, आणि 2026 ची अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरची. कॅलेंडरचे महिने शेजारी ठेवून तुलना केली तर ऑगस्ट 2026 मध्ये मागणी कोसळल्यासारखी दिसेल. माझ्या शीटमध्ये त्यासाठी 'सणाआधीचे आठवडे' असा रकाना आहे.

नापसंतीचंही सांगते. एक पैसे भरून वापरायचं कीवर्ड साधन मी काही महिने घेतलं होतं. कुठल्याही शब्दाची 'मागणी' ते छातीठोकपणे सांगायचं, पण माझ्या प्रत्यक्ष विक्रीशी त्याचा मेळ बसेना, शेवटी बंद केलं. एका एजन्सीच्या नोंदीत विक्री इतक्या उशिरा दिसते की त्या महिन्याचा हिशेब मला दोनदा करावा लागतो.

डॉलरचा रकाना कर कापून झाल्यावरचा ठेवा. डब्ल्यू-8बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरताना भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर 30 ऐवजी 15 टक्के कापले जातात. ज्यांचे मोजकेच फोटो विक्रीला आहेत त्यांनी शीटच्या निष्कर्षांची घाई करू नये, कारण चार-पाच डाउनलोडवरून कुठलंच शूट चांगलं की वाईट ठरत नाही. त्यांनी आधी बाजार बघावा, विषय निवडावेत आणि प्रत्येक शूटची ओळ पहिल्या दिवसापासून लिहीत जावी. नंतर उकरून भरायला फार वेळ जातो.