परदेशी मदतीची तुलना: जागतिक बँकेचा तक्ता घ्यावा की ओईसीडीचा?

शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्रकल्प करताना विषय 'परदेशी मदत' असेल, तर पहिलं अडतं ते इथेच. आकडे मुळात एकाच घरचे आहेत. ओईसीडी म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटना; तिची विकास साहाय्य समिती (इंग्रजी लघुरूप 'डॅक') ते देणाऱ्यांकडून गोळा करते आणि जागतिक बँक तेच आपल्या तक्त्यात मांडते. पण वाढताना बँक ताटातले काही पदार्थ मागेच ठेवते.

बँकेकडे सोय मोठी. देश, वर्षं निवडायची, फाइल उतरवायची. दरडोई आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी टक्केवारी आयती मिळते. परवा सादरीकरण असेल तर हेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त दरडोईच्या यादीवर फार विसंबू नये. तुवालूची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार, म्हणून तिथे माणशी हजारो डॉलर दिसतात आणि भारत तळाला जातो.

माझं घोडं अडतं ते बँकेच्या आकड्यातल्या 'निव्वळ' या शब्दापाशी. शिरोळकडच्या एखाद्या शेतकऱ्याचं ऊसबिल पाहा: टनेज भरघोस, पण सोसायटीची कपात होऊन शेवटच्या ओळीत उरते ती रक्कम आटलेली. तेवढी एकच ओळ पाहून 'यंदा ऊस कमी गेला' म्हणणं जसं, तसंच हे. निव्वळ मदत म्हणजे त्या वर्षी आलेल्या रकमेतून जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड वजा. (व्याज वजा होत नाही, सोसायटी एवढी दयाळू नसते.) म्हणून चीनचा आकडा अलीकडे उणे दिसतो. भारताकडे मुंबई मेट्रो ३ सारख्या कामांसाठी जपानचं कर्ज येतं, तसे जुन्या कर्जांचे हप्तेही जातात. तक्त्यात उरते ती वजाबाकी.

उलटा घोटाळा याहून वाईट. पॅरिस क्लबने (कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाने) २००४ मध्ये इराकचं ८० टक्के कर्ज टप्प्याटप्प्याने माफ करायचं ठरवलं आणि २००५ चा इराकचा आकडा सुमारे २२ अब्ज डॉलरवर गेला. नायजेरियाच्या आलेखातही २००५-०६ ला असाच डोंगर उभा राहतो. त्यातला मोठा भाग कागदावर खोडलेलं कर्ज, जे मदत म्हणूनच मोजलं जातं; तेवढा नवा पैसा काही गेला नाही. बँकेच्या एकाच आकड्यात हे वेगळं काढता येत नाही. ओईसीडीच्या 'डॅक २ए' तक्त्यात एकूण वाटप आणि कर्जमाफी यांच्या ओळी स्वतंत्र मिळतात. त्या ओळींसाठी मी तरी ओईसीडीचा त्रास पत्करतो.

त्रास आहेच. देणाऱ्यांच्या रकान्यात 'सर्व अधिकृत देणगीदार' निवडावं लागतं. फक्त समितीचे सदस्य निवडले, तर जागतिक बँकेसारख्या संस्थांचा पैसा गळतो. मंजूर रक्कम नको, प्रत्यक्ष वाटप घ्या. आणि अनेक वर्षांची तुलना असेल तर स्थिर किमतीतलं, म्हणजे महागाईचा फरक काढून टाकलेलं. आकडे दशलक्ष डॉलरमध्ये असतात, बँकेचे पूर्ण डॉलरमध्ये. देशांच्या ओळींत खंडांच्या बेरजाही मिसळलेल्या असतात. त्या न काढता पिव्होट (एक्सेलमधली गटवार बेरीज) केला की बेरीज दुप्पट-तिप्पट होते. प्रदेशांच्या सीमाही जुळत नाहीत: म्यानमारला ओईसीडी दक्षिण व मध्य आशियात धरते, बँक पूर्व आशियात. म्हणून प्रदेशाची बेरीज आयती घेऊ नये, देश निवडून स्वतः करावी.

एक भोक मात्र दोन्हींना आहे. भारत समितीला आपल्या मदतीचा हिशेब देत नाही. भूतानचा ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभा केला, पण भूतानच्या ओळीत हा पैसा शोधून सापडणार नाही. दक्षिण आशियाचा तक्ता करणार असाल तर तळटीप टाका, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल.

फिल्टर बरोबर लागलेत का, हे तपासायला नायजेरियाचं २००६ घ्या आणि कर्जमाफीची ओळ वजा करा. डोंगर बराचसा सपाट झाला, तर मग बाकीचे देश उतरवायला हरकत नाही.