१५०-६०० ची झूम लेन्स आणि चंद्रनाथाच्या डोंगरामागचा चंद्र : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आठवडाभर आधी मी १५०-६०० मिलिमीटरची, एफ ५-६.३ ची झूम लेन्स जुनी विकत घेतली (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा वाढला की छिद्र लहान होते). गोव्यातल्या पारोड्याच्या चंद्रनाथाच्या डोंगरामागून तिन्हीसांजेला वर येणारा चंद्र डोंगरासकट नीट टिपायचा, एवढ्यासाठीच हा खर्च केला. पक्षी वगैरे नंतर आले. या मोजमापाच्या लेन्स एकाहून अधिक कंपन्या बनवतात आणि माझ्या तक्रारींपैकी काही माझ्याच नगाच्या असू शकतात, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही.

आधी आकाराचे बोलतो, कारण घेण्यापूर्वी सगळे तेच विचारतात. चंद्राचा आकाशातला व्यास जेमतेम अर्धा अंश असतो. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला, ११० ने भागले की सेन्सरवर उमटणाऱ्या चंद्राचा व्यास मिळतो. म्हणजे सहाशेवर साधारण साडेपाच मिलिमीटर. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तो चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांश भरतो. क्षितिजावरचा चंद्र डोळ्यांना मोठा दिसतो, तो निव्वळ भास आहे; लेन्सला तो माथ्यावरच्या चंद्राएवढाच, किंबहुना किंचित लहान दिसतो. त्याला भव्य करायचे असेल तर त्याच्या शेजारी काहीतरी लहान दिसावे लागते, आणि त्यासाठी दूर जावे लागते. मी डोंगराच्या पश्चिमेच्या शेतांतून, सुमारे पाच किलोमीटरवरून फोटो काढतो. तेवढ्या अंतरावर चंद्र ४५ मीटर रुंदीची जागा व्यापतो, त्यामुळे माथ्याच्या कडेवरचे एकुलते एक झाड त्याच्या पोटात सहज मावते. या एका दृश्यासाठी सहाशे मिलिमीटर हवेतच, तिनशेवर ते झाड काडीसारखे दिसते.

कोजागिरीला मात्र फजिती झाली. अॅपमध्ये चंद्रोदयाची दिशा पाहून मी झाडाच्या बरोबर समोर ट्रायपॉड उभा केला होता, आणि चंद्र निघाला तो झाडाच्या उजवीकडे, दोन चंद्र मावतील एवढे अंतर सोडून. चूक लेन्सची नव्हती. अॅप दाखवते ती दिशा सपाट क्षितिजाची असते. सुमारे ३५० मीटर उंचीचा डोंगर पाच किलोमीटरवरून चार अंश आकाश झाकतो, आणि आपल्या १५ अक्षांशावर चंद्र सरळ वर न चढता दक्षिणेकडे कलत चढतो. चार अंश चढेपर्यंत तो एक अंशाने उजवीकडे सरकलेला असतो. पाच किलोमीटरवर एक अंश म्हणजे जवळजवळ ९० मीटर. तेवढे अंतर डावीकडे, उत्तरेला, बांधावरून पळत जायचे होते, आणि हातात दोन किलोंची लेन्स लावलेला ट्रायपॉड होता. कापणी उरकून घरी निघालेले एक आजोबा थांबून म्हणाले, "फाल्यांय येतलो मरे चंद्र!" (उद्याही येईलच की चंद्र!) येणार होता खरा, पण पन्नासेक मिनिटे उशिरा, पूर्ण काळोखात.

याच डोंगरामुळे नेहमीचा एक सल्लाही मला बाजूला ठेवावा लागला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोटो काढा, म्हणजे जमिनीवर उजेड असतो, असे सगळे सांगतात. ते समुद्रावर किंवा माळावर ठीक आहे. माझ्या जागेवरून चंद्र डोंगरावर यायला उदयानंतर सतरा-अठरा मिनिटे लागतात. चतुर्दशीला तो वर येतो तेव्हा बहुधा ऊन शिल्लक असते आणि चंद्र धुतलेल्या कागदासारखा फिका निघतो. मला मानवतो तो दिवस म्हणजे चंद्रोदय सूर्यास्ताच्या वेळेला किंवा फार तर दहा मिनिटे आधी असलेला. दिनदर्शिकेवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, हेही ध्यानात ठेवावे. पौर्णिमा सकाळीच संपत असेल तर त्या संध्याकाळी चंद्र हमखास उशिरा येतो. शिवाय उभे राहण्याची जागा वर्षभर एक राहत नाही. डिसेंबरातला पूर्ण चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो, त्यामुळे मला दोन-अडीच किलोमीटर दक्षिणेला जावे लागले.

आता लेन्सचे गुणदोष. सहाशेवर पूर्ण उघड्या एफ ६.३ ला चंद्राच्या विवरांच्या कडा मऊ येतात. एफ ८ ला त्या लख्ख होतात, आणि ५०० च्या आसपास तर तक्रारीला जागाच नाही. फिक्या चंद्रावर ऑटोफोकस मागेपुढे धावत राहतो, म्हणून चंद्राच्या कडेवर एकदा फोकस बसवून मी तो मॅन्युअल करून टाकतो. लेन्स तिरपी धरली की झूम आपोआप घसरतो. तिथे मी रुंद रबरबँड लावला आहे.

खरा दोष ट्रायपॉड कॉलरच्या, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याच्या, पायाचा आहे. तो इतका लवचिक आहे की शटरच्या नुसत्या स्पर्शाने लाइव्ह व्ह्यूमधला मोठा केलेला चंद्र दोन सेकंद थरथरत राहतो. पहिले तीन महिने मी हवेला दोष देत होतो. मग फरक कळला: तापलेल्या जमिनीवरची हवा हलते तेव्हा चंद्राची कड लाटेसारखी वाकडी होते, आणि लेन्स हलते तेव्हा कड दुहेरी उमटते. माझ्या फोटोंत ती दुहेरी होती. जाड पाया लावला, लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद केले, रिमोट घेतला, आणि तीच लेन्स निराळी वाटू लागली.

एक्स्पोजरसाठी पूर्ण चंद्राचा जुना नियम एफ ११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, १/१०० सेकंद असा आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, त्याची प्रखरता आपल्या संध्याकाळीवर अवलंबून नसते. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपताना अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांना लाइटमीटर सापडला नाही, तेव्हा त्यांनी चंद्राची पाठ असलेली प्रखरता धरूनच हिशेब केला. मात्र आपल्या दमट हवेत डोंगराला टेकलेला चंद्र बराच मंदावतो. मी एफ ८, आयएसओ ४०० आणि १/१२५ च्या आसपास सुरुवात करतो. डोंगराची हिरवी बाजू आणि चंद्र दोन्ही एकाच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये सांभाळता येतात असा अवधी सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त नसतो. पाऊस ओसरल्यावरची स्वच्छ हवा सर्वांत चांगली. जानेवारीत वायंगणाची (हिवाळी भाताची) लावणी चालू असताना डोंगरावर असे धुरकट आवरण होते की चंद्र तांबडा दिसला, पण विवरे दिसेनात.

जुनी लेन्स घेताना मात्र मी गाफील राहिलो. विकणाऱ्याने काच स्वच्छ असल्याचे सांगितले होते. घरी टॉर्च मागून धरली तेव्हा मागच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. दुरुस्ती केंद्राने आठवड्याचा वायदा करून तीन आठवडे घेतले आणि त्यात एक पौर्णिमा गेली. गोव्यात जुनी लेन्स घेणाऱ्याने टॉर्चची ही परीक्षा पैसे देण्याआधीच करावी, आणि लेन्सवर वाचलेले पैसे ट्रायपॉडवर घालावेत. सध्या पावसामुळे ती सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात आहे. आतला आर्द्रतामापक ४५ टक्के दाखवतो आणि ५५ झाले की मी जेल कढईत भाजून घेतो. घरचे म्हणतात, ती कढई आता तुम्हीच ठेवा.