उपकेंद्रात मिळणारे जलसंजीवनीचे पाकीट

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आशाताई घरोघरी देतात ते जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, पाकीट उन्हाळा लागल्यापासून पावसाळा संपेपर्यंत घरात असावेच, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वखरणी करणाऱ्याच्या घामातून किंवा पहिल्या पावसानंतर हगवण लागलेल्या लेकराच्या अंगातून पाण्यासोबत सोडियमही जाते. हगवणीत पोटॅशियमची हानी विशेष होते. अशा वेळी भरपूर घाम गाळून केवळ साधे पाणी अति प्रमाणात पीत राहिल्यास रक्तातील सोडियम आणखी विरळ होऊ शकते.

पाकिटातील २०.५ ग्रॅम भुकटीत ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम असते. यातील ग्लुकोजचे मुख्य काम ताकद देणे हे नाही; लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागे पाणी रक्तात ओढले जाते, आणि ही वाट पटकीसारख्या (कॉलऱ्यासारख्या) आजारातही बहुतांशी शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर अशाच द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून अनेकांचे प्राण वाचवले.

आमच्याकडे जरा अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याचा आग्रह असतो. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठच असते, पोटॅशियम नसते. शुद्धीत असलेल्या आणि पिऊ शकणाऱ्या माणसासाठी हे फुकटचे पाकीट बहुतेक वेळा पुरेसे ठरते. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा सुस्ती आली, तर मात्र दवाखाना गाठलाच पाहिजे.

खरी उणीव मापाची आहे. संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते, पण घरोघरचे गडवे सारख्या मापाचे नसतात, आणि आम्हाला मिळालेल्या पाकिटांवरील सूचना इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत होत्या की ज्या आजीने हे पाणी कालवायचे तिला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. अर्ध्या लिटरमध्ये कालवल्यास क्षार व साखर दुप्पट तीव्र होतात, त्याने हगवण वाढू शकते आणि लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पाण्याची एक लिटरची बाटली माप म्हणून वेगळी ठेवणे हा आमच्या घरातील उपाय आहे. उत्पादकाने मराठीत, ठसठशीत अक्षरांत आणि बाटलीच्या चित्रासह सूचना छापाव्यात, ही माझी कळकळीची मागणी आहे.

चव खारट-गोड असल्याने मुले तोंड फिरवतात, तरी चमच्याचमच्याने पाजल्यास घेतात. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्यावे. कालवलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या अंगात पाणी साचून सूज येऊ शकते, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.