उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रीलंका, बाली की दुबई? हवा पाहून ठरवा

परीक्षा संपतात एप्रिलच्या मध्याला, शाळा उघडतात जूनमध्ये. मधल्या काळात परदेशी जायचं ठरलं की बहुतेक घरांत हीच तीन नावं निघतात. एजंटच्या पत्रकात तिन्हीकडे आकाश निळंशार असतं आणि मोबाइलवर तिन्हीकडचं तापमान तिशीच्या वरच दिसतं, त्यामुळे वाटतं, फरक काय पडणार? फरक पडतो. दुपारच्या आकड्यावर जाऊ नका. रात्री पारा कुठवर उतरतो, हवेत दमटपणा किती आणि दिवसातले किती तास बाहेर फिरता येतं, हे बघा.

दुबईचं आधी उरकून घेऊ, कारण तिथला हिशेब सोपा आहे. मार्चमध्ये दुपारी साधारण २८-२९ अंश आणि रात्री १८ च्या आसपास, म्हणजे पुण्याच्या फेब्रुवारीसारखी सुखाची हवा. एप्रिलमध्ये दुपार ३३ वर जाते, तरी संध्याकाळी समुद्राकाठी बसवतं. मे महिन्यात मात्र ३८ आणि त्यापुढे. वाळूवरची सफारी, जुन्या बाजारातली पायपीट सगळं सूर्य कलल्यावर, उरलेला दिवस मॉलमध्ये. (मॉलमधल्या एसीसाठी आजीची शाल मात्र न्या.) पावसाची भीती जवळपास नाही. १६ एप्रिल २०२४ ला विक्रमी पाऊस पडून विमानतळाचं कामकाज कोलमडलं होतं, पण ते अपवादातलं. लहान मुलं असतील आणि मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघता येत असेल तर दुबई उत्तम. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या माणसाने पैसे खर्चून तिथे का जावं, हे मला कळलेलं नाही.

खरी निवड श्रीलंका आणि बाली यांच्यात आहे, आणि ती तारखेवर ठरते. श्रीलंका विषुववृत्ताच्या उत्तरेला, बाली दक्षिणेला साधारण ८ अंशांवर. एकाचा पावसाळा यायला लागतो तेव्हा दुसऱ्याचा सरलेला असतो.

श्रीलंकेत मार्च-एप्रिल हा दोन मोसमी पावसांच्या मधला काळ. वारा पडलेला, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत बेटाच्या अगदी डोक्यावरून जातो. कोलंबोचा एप्रिल म्हणजे मुंबईचाच एप्रिल समजा: दुपारी ३१-३२, रात्री २५ च्या खाली क्वचित, अंगाला चिकटणारा घाम. सकाळ लख्ख. एक-दीडला डोंगरांच्या बाजूने ढग चढायला लागतात, तीन-चारला कडकडाट होऊन जोरदार सर येते आणि तास-दीड तासात मोकळं. आपला वळीवच. म्हणून तिथे दिवस पहाटे सुरू करायचा. सिगिरियाचा खडक सातला चढायला लागलात तर नवाच्या आत खाली येता. अकराला गेलात तर वाटेतल्या सिंहाच्या भव्य पंजांच्या शिल्पापाशी पोहोचेपर्यंत पाणी संपलेलं असतं आणि पुढच्या लोखंडी जिन्याच्या कठड्याला हात लावावासा वाटत नाही. सावली जवळपास नाही.

श्रीलंकेची खरी जमेची बाजू म्हणजे उंची. नुवारा एलिया १८०० मीटरच्या वर आहे. कोलंबोत घामाघूम झालेला माणूस तिथे दुपारी २२-२३ अंशांत चहाच्या मळ्यातून फिरतो आणि रात्री स्वेटर शोधतो. आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर तीन रात्री वर ठेवा, समुद्राला दोन पुरेत. एक अडचण आहे: १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. दुकानं, खाणावळी बंद, ड्रायव्हर गावी, आणि अर्धं कोलंबो नेमकं नुवारा एलियाला लोटलेलं. त्या आठवड्यात खोल्यांचे दर बघून थंडी आपोआप वाजते.

समुद्रासाठी जायचं असेल तर किनारा कुठला, हे आधी विचारा. गॉल, मिरिसा, बेंटोटा हा दक्षिण-पश्चिम किनारा एप्रिलपर्यंत चांगला. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे लागले की तिथला समुद्र खवळतो, लाल बावटे लागतात, देवमासे बघायच्या बोटींचा हंगामही संपतो. त्याच सुमारास पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा समुद्र शांत होत जातो. मे महिन्यात बेंटोटाचं पॅकेज स्वस्त मिळतं ते याच कारणाने, हे विकणारा सांगत नाही.

बालीत उलटं. मार्च म्हणजे पावसाळ्याचं शेपूट: दमट हवा, कधीही येणारी सर, आणि कुटाच्या बाजूच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने वाहून आणलेला प्लॅस्टिकचा कचरा. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख बघावी. बालीचं हे मौन पाळून साजरं होणारं शक नववर्ष बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतं. २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच, शक १९४८. आपण गुढी उभारून शोभायात्रेला जातो. तिथे चोवीस तास विमानतळ बंद, रस्त्यावर पाऊल टाकायला पर्यटकांनाही बंदी. अनुभव म्हणून विलक्षण आहे, पण चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस त्यात जातो.

एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून येणारे कोरडे आग्नेय वारे जोर धरायला लागतात आणि मे महिन्यात हवा सुधारलेली असते. दुपारी ३०-३१, रात्री २४, आणि मुख्य म्हणजे अंगावर वारा लागतो. भातखाचरं अजून हिरवी असतात. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि भाव सुरू व्हायचे असतात. बेटाच्या आतल्या भागातल्या उबुडला किनाऱ्यापेक्षा पाऊस थोडा जास्त, तेव्हा छत्री राहू द्या. बातूर ज्वालामुखीवरून सूर्योदय बघायला जाणार असाल तर जॅकेट हवंच, कारण रात्री चढायला सुरुवात करून १७०० मीटरवर घामेजल्या अंगाने थांबावं लागतं. दिवस मात्र लहान वाटतो. सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, त्यामुळे 'जेवून, जरा पडून, मग निघू' म्हणणाऱ्या मंडळींचं निम्मं दर्शन राहून जातं.

माझं मत विचाराल तर पाडव्याच्या आसपास सुट्टी मिळत असेल तर दुबई. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत, घरात वयस्कर माणसं असतील तर श्रीलंका, पण मुक्काम डोंगरात. दहा मेनंतर निघणार असाल तर बाली, आणि तेव्हा कुणी श्रीलंकाच हवी म्हणून अडून बसलं तर त्रिंकोमालीला खोल्या बघा.