जोडीदाराचा आयआरए: आपल्या नावावर करून घ्यावा की वारसा खात्यात ठेवावा?

अमेरिकेत नवरा किंवा बायको गेल्यावर त्यांच्या आयआरएचं (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्याचं) काय करायचं, हे ठरवताना आधी तीन आकडे कागदावर मांडा: तुमचं वय, गेलेल्या व्यक्तीचं वय आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्या खात्यातून किती काढावं लागेल. रक्कम मोठी की लहान, हे नंतर.

तुम्ही साडेएकोणसाठच्या आत असाल तर वारसा खातं, म्हणजे गेलेल्या व्यक्तीचं नाव राहून तुम्ही वारस म्हणून चालवता ते. समजा पत्नी ५४ची, पती ६१व्या वर्षी गेले आणि घरखर्चाला ३०,००० डॉलर हवेत. खातं तिने स्वतःच्या नावावर केलं असेल तर इन्कम टॅक्स भरून वर १० टक्के, म्हणजे ३,००० डॉलर दंड. वारसा खात्यातून काढले तर टॅक्स तेवढाच, दंड शून्य. शिवाय ती एकटीच बेनिफिशियरी (खात्यावर नाव दिलेली लाभार्थी) असेल तर दरवर्षी काढावीच लागणारी सक्तीची रक्कम (आरएमडी) पती ७५चे झाले असते त्या वर्षापर्यंत लांबते. साडेएकोणसाठ उलटल्यावर खातं आपल्या नावावर घेता येतं. उलटा रस्ता मात्र बंद. एकदा स्वतःचं केलं की ते परत वारसा खातं होत नाही. आणि वारसा खात्यात चुकून नवी रक्कम भरलीत, तर तेवढ्यावरूनही ते तुमचंच धरलं जातं.

पती ७७चे, पत्नी ६६ची असेल तर चित्र पालटतं. वारसा खात्यात आरएमडी दरवर्षी चालूच राहते. आपल्या नावावर घेतलं की आरएमडी सुरू व्हायला तिचं वय मोजलं जातं: १९५१ ते १९५९ चा जन्म असेल तर ७३, १९६० किंवा नंतरचा असेल तर ७५. इथे वारसा खात्याच्या बाजूने बोलण्यासारखं आम्हाला काही दिसत नाही.

मागे राहिलेली व्यक्ती वयाने मोठी असेल तर मात्र घाई नको. पती ६८व्या वर्षी गेले, पत्नी ७६ची, खात्यात ४ लाख डॉलर. स्वतःच्या नावावर केल्यास शिल्लक रकमेला सरकारी तक्त्यातल्या ७६व्या वर्षाच्या २३.७ या आकड्याने भागायचं, म्हणजे सुमारे १६,८७८ डॉलर काढणं भाग. वारसा खात्यात पती ७३चे झाले असते तोवर काहीच काढावं लागत नाही.

रॉथ आयआरए (आधीच टॅक्स भरलेल्या पैशांचा आयआरए)? साडेएकोणसाठ ओलांडली असेल तर सरळ आपल्या नावावर. हयातीत आरएमडीच नाही.

पैसे अडकतात ते बहुधा कागदपत्रांत. ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधले ३ लाख डॉलर चेकने स्वतःच्या नावे मागवलेत तर २० टक्के, ६०,००० डॉलर, आधीच कापले जातात; पूर्ण रक्कम ६० दिवसांत आयआरएत भरायची तर ते पदरचे घालावे लागतात. म्हणून ‘डायरेक्ट रोलओव्हर’ (पैसे थेट एका खात्यातून दुसऱ्यात) असंच लिहून द्या. मृत्यूच्या वर्षाची आरएमडी राहिली असेल तर ती आधी काढा. ती रोलओव्हर होत नाही. चुकलेल्या रकमेवर २५ टक्के दंड, दोन वर्षांत दुरुस्त केल्यास १०.

खातं तुमचं झालं की नवा बेनिफिशियरी फॉर्म त्याच दिवशी भरा. इथला बेनिफिशियरी भारतातल्या नॉमिनीसारखा नुसता सांभाळणारा नव्हे, पैसे त्याचेच होतात. मृत्युपत्रात वेगळं नाव असलं तरी फॉर्मच चालतो. मुलांची नावं घातलीत तर सज्ञान मुलांना रिकामं करायला साधारण १० वर्षं मिळतात. फॉर्म कोरा राहिला आणि पैसे इस्टेटीत गेले, तर तुमची आरएमडी सुरू होण्याआधीच्या मृत्यूत फक्त ५.