प्रचाराचा पैसा: स्क्रीनवर की दारात?

मतदानाला तीन आठवडे उरलेत, पैसा बेताचा आणि कार्यकर्ते त्याहून कमी. छोट्या निवडणुकीचा प्रचार अंगावर घेतलेल्या माणसाला या टप्प्यावर ठरवावंच लागतं: फेसबुकवर जाहिराती लावायच्या, व्हॉट्सअ‍ॅपचे गट हलवायचे, की पत्रकं घेऊन दारोदार फिरायचं? ‘सगळंच थोडं थोडं करू’ म्हटलं की वाद मिटतो, पण पैसा पातळ होतो आणि कुठेच ठसा उमटत नाही.

माझा कल आधीच सांगते. डिजिटल जाहिरात आपल्याच माणसांना हलवायला उत्तम आहे. अनोळखी माणसाचा विश्वास मिळवायला मात्र ती तोकडी पडते.

छापील किंवा टीव्हीवरच्या जाहिरातीत मतदारसंघाबाहेरच्या प्रेक्षकांचेही पैसे आपणच मोजतो. फेसबुकवर वय, परिसर, आवड निवडता येते. आपल्याकडे असलेल्या फोन नंबरांची यादी चढवून ‘यांच्यासारखेच आणखी लोक शोध’ असंही सांगता येतं. इथवर डिजिटलचं पारडं जड आहे. पण कुणी फोन उघडला की त्याला कुणाची जाहिरात दाखवायची याचा क्षणार्धात जो लिलाव होतो, तो नुसत्या बोलीवर ठरत नाही. हा माणूस या जाहिरातीला प्रतिसाद देईल का, याचा अंदाज यंत्रणा आधी बांधते आणि ज्याला ती रुचेल असं वाटतं त्याच्यापर्यंत ती स्वस्तात नेते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वतः राजकीय जाहिराती विकत घेऊन हे तपासलं. त्यांना दिसलं की फेसबुक प्रत्येक पक्षाची जाहिरात त्या पक्षाकडे झुकलेल्यांनाच जास्त दाखवतं, आणि विरुद्ध विचाराच्या लोकांपर्यंत पोहोचायला पैसे जास्त पडतात. कुंपणावरच्या मतदारासाठी काढलेला पैसा असा आपल्याच अंगणात फिरत राहतो.

हे अहवालात सहज दिसत नाही. रात्री डॅशबोर्ड, म्हणजे जाहिरातीचे आकडे दाखवणारं पान, उघडला की सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘पोहोच’, म्हणजे जाहिरात किती जणांसमोर आली, ती असते आणि ती बघून उमेदवार खूश होतो. तेच पान उजवीकडे सरकवत न्या. व्हिडिओ ३ सेकंद पाहिलेले किती, मग २५ टक्के, ५० टक्के, ७५ टक्के, आणि पार टोकाला शेवटपर्यंत पाहिलेले किती. प्रत्येक रकान्यात आकडा गळत जातो. निर्णय घेताना या शेवटच्या रकान्याकडे बघावं. तोही फक्त ‘पाहिलं’ एवढंच सांगतो. मन वळलं का, हे त्यातून कळत नाही.

व्यापारी जाहिरातीत हा भ्रम मोजून दाखवला गेला आहे. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे कंपनीने गूगलसारख्या शोधयंत्रावर स्वतःच्याच नावासाठी लावलेल्या जाहिराती प्रयोग म्हणून बंद केल्या. जाहिरातीवर क्लिक करून येणारे जवळपास सगळे लोक तिच्याखालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. ते येणारच होते. श्रेय तेवढं जाहिरातीच्या खात्यात जमा होत होतं.

आता दार. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या अभ्यासकांनी मतदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना टपाल गेलं, काहींना फोन. घरभेटीने मतदान ठळकपणे वाढलं, टपालाने किंचित, आणि फोनचा उपयोग दिसला नाही. पण घरभेटीलाही मर्यादा आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये असे ४९ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा पक्षापक्षांच्या सार्वत्रिक लढतीत मत बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला, मग संपर्काचा मार्ग कोणताही असो. पक्षचिन्हाने मत आधीच बांधलेलं नसेल, तिथे मन वळवण्याला जास्त वाव दिसला. तुमची निवडणूक दुसऱ्या प्रकारची असेल, तर दार वाजवणाऱ्या प्रत्येक तासाचं मोल वाढतं. दारात माणूस शंका विचारतो, आपण अडखळतो, उत्तर देतो; तो आपला चेहरा बघतो. पूर्ण दिवसात चाळीस घरं होतील. फार कमी वाटतात, हे मला मान्य आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे गट या दोन्हींच्या मधले. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकवर ६ कोटी १० लाख लोकांचा एक प्रयोग झाला. मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दाखवणारा संदेश परिणामकारक ठरला. नुसत्या माहितीच्या संदेशाने काही हललं नाही. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यातून सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली, आणि बहुतेक वाढ थेट संदेशाने नाही, तर तो मिळालेल्यांच्या जवळच्या मित्रांमध्ये झाली. म्हणजे पडद्यावरसुद्धा काम करतो तो ओळखीचा माणूसच. म्हणून शंभर गटांत पोस्टर टाकण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या गटात स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. फॉरवर्डच्या जोरावर विसंबूही नका: २०१९ पासून जगभर एक संदेश एका वेळी ५ चॅटनाच पुढे जातो, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला संदेश एकाच चॅटला.

एक गोष्ट पैशापलीकडची आहे, आणि माझ्यासाठी तीच सर्वांत मोठी. सभेत किंवा वर्तमानपत्रात जे बोललं जातं ते विरोधकही ऐकतो आणि खोटं असेल तर पकडतो. लक्ष्यित जाहिरातीत तरुणाला एक आणि म्हाताऱ्याला दुसरंच सांगता येतं, आणि दोघांची गाठ पडत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरच्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांना न विचारता वापरायला गेली असावी, हे २०१८ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी फेसबुकने राजकीय जाहिरातींचं सर्वांना पाहता येणारं दप्तर सुरू केलं. जाहिरात लावलीच, तर त्या दप्तरातला आपला दुवा स्वतःहून मतदारांना द्या.

आणि माध्यम रातोरात बंदही होतं. ट्विटरने २०१९ मध्ये राजकीय जाहिराती बंद केल्या, २०२३ मध्ये पुन्हा सुरू केल्या. युरोपीय संघाचे नवे नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लागू होण्याच्या सुमारास मेटा (फेसबुकची मालक कंपनी) आणि गूगलने तिथल्या राजकीय जाहिराती थांबवल्या.

तर मी काय करीन? मतदार थोडे आणि उमेदवार नवा असेल, तर बहुतेक पैसा पत्रकं, प्रवास आणि कार्यकर्त्यांच्या जेवणखाणावर. मतदारसंघ पसरलेला आणि माणसं अपुरी असतील, तर डिजिटलचा वाटा वाढवावा, पण तीन कामांपुरता: सभेची वेळ कळवणं, कार्यकर्ते गोळा करणं आणि शेवटच्या दोन दिवसांत आपल्या मतदारांना आठवण. ही आठवण कुणाला पाठवायची ती यादी मात्र दारात उभं राहून, वहीत नावापुढे खूण करतच तयार होते.