फवारणी पंपाची नळी आणि नोझल: खोबणीत, क्लिपमध्ये की काढून वेगळी?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घराची गच्ची असो की मांजलपूर, गोत्रीकडच्या फ्लॅटची बाल्कनी, मोगरा, जास्वंद, कढीलिंब आणि एखादे लिंबाचे झाड ठेवणाऱ्याला पाच लिटरचा हातपंप लागतोच. दुकानात ‘दवा छांटवानो पंप’ मागितला की टाकीचे माप, दाब आणि किंमत यांची चर्चा होते. पण काम संपल्यावर सव्वा मीटरची नळी आणि टोकाला नोझल, म्हणजे फवाऱ्याचे बारीक तोंड, असलेली हातभर दांडी कुठे ठेवायची, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. पंप आठवड्यातून पंधरा मिनिटे चालतो आणि उरलेला सगळा वेळ कोपऱ्यात उभा असतो. त्यामुळे तो किती वर्षे टिकेल हे माझ्या मते बऱ्याच अंशी त्या उभे राहण्यावर ठरते, आणि खरेदीपूर्वी निदान एवढी एक गोष्ट प्रत्येकाने पाहावी असे मला मनापासून वाटते.

नळी बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीची असते. उन्हाने ती कडक होत जाते, आणि उकाड्यात ज्या आकारात दाबून ठेवावी तो आकार धरते. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो; अशा दिवसांत नळी घडी घालून ठेवली तर घडीच्या जागी कायमची चपटी रेघ पडते आणि पुढे तिथेच ती फुटते. दुसरी नाजूक जागा म्हणजे टाकीच्या माथ्याशी नळी जिथे नटाने आवळलेली असते ती. आमच्या गच्चीवरच्या पहिल्या पंपाची नळी नेमकी तिथेच चिरली, कारण दोन उन्हाळे ती त्या नटापासून काटकोनात वाकवून खाली ओढलेली होती.

आता पर्याय पाहू. काही डब्यांना, विशेषतः तयार औषध भरून मिळणाऱ्या डब्यांना, अंगातच एक खोलगट खोबण असते आणि तिच्यात नळी व छोटी दांडी बसते. दिसायला ही रचना सर्वांत नीटनेटकी आहे. डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून नेताना काही लोंबत नाही, पायात अडकत नाही, लहान मुलाच्या हाती खटका सहज लागत नाही. मात्र खोबणीसाठी डब्याचे पोट कमी होते, आणि त्या अरुंद जागेत मावावी म्हणून नळी बारीक, आखूड आणि दोन-तीन ठिकाणी वळवलेली असते. तीच वळणे रोज तिथेच पडतात. खोबणीच्या तळाशी औषधाचे थेंब साचतात आणि त्यावर धूळ बसून चिकट थर तयार होतो. कडुनिंबाचे तेल फवारणाऱ्याला तो थर चांगला परिचयाचा असेल. खोबणीला खाली निचऱ्याचे छिद्र नसेल तर ती दर वेळी ओल्या फडक्याने पुसावी लागते, आणि हे काम आपल्याकडून नियमाने होईल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी रीत म्हणजे नळी टाकीभोवती गुंडाळायची आणि दांडी बाजूच्या क्लिपमध्ये उभी अडकवायची. पाच लिटरच्या टाकीचा व्यास साधारण अठरा सेंटिमीटर धरला, तर एका वेढ्याला सत्तावन्न सेंटिमीटर नळी लागते, म्हणजे सव्वा मीटरचे दोन सैलसर वेढे होतात. हे वळण इतके मोठे आहे की नळीवर ताण येत नाही. मला ही रीत सर्वांत पटते. तिचा दोष क्लिपमध्ये आहे: टाकीबरोबर एकाच साच्यातून निघालेली क्लिप उन्हाने ठिसूळ झाली की मुळातून तुटते आणि ती पुन्हा लावता येत नाही. म्हणून क्लिप वेगळ्या पट्ट्यावर किंवा स्क्रूवर बसवलेली आहे का, हे घेताना पाहावे. तुटलीच, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद लांब पट्टी कापून टाकीभोवती घट्ट बांधली आणि दांडी तिच्याखाली सरकवली की काम भागते. वेढे घालताना पहिला वेढा नटापासून वीतभर नळी सैल सोडूनच घ्यावा.

तिसरी रचना मुठीतल्या खाचेची: दाब भरायच्या मुठीला खाच असते आणि दांडी तिच्यात आडवी बसते. नळी मात्र तशीच लोंबत राहते, त्यामुळे ही सोय अर्धीच म्हणावी लागेल.

खरा निर्णय नोझल वर ठेवायचे की खाली, यावर आहे, आणि त्याचे उत्तर टाकीत द्रव उरतो की नाही यावरून मिळते. टाकीतली आतली नळी तळापर्यंत गेलेली असते. नोझल द्रवाच्या पातळीखाली लोंबत असेल आणि खटक्यातला वॉशर जरासा झिजलेला असेल, तर दाब सोडून दिल्यावरही द्रव वक्रनलिकेच्या (सायफनच्या) नियमाने ठिबकत राहतो. दाब शिल्लक असेल तर रात्रीतून बराचसा डबा रिकामा होऊ शकतो. म्हणून औषध भरून ठेवायच्या डब्यात नोझल पातळीच्या वर राहील अशीच जागा हवी, आणि दाब सोडलेला हवा. उलट, धुऊन रिकाम्या केलेल्या पंपात नोझल खाली असणे चांगले, कारण दांडीतले उरलेले पाणी निथळून जाते आणि मुठीकडे ओघळत नाही. ते वर तोंड करून उघडे राहिले, तर त्यात धूळ जाते आणि कुंभारमाशी चिखलाने भोक बुजवून टाकते. काही पंपांत नोझलसाठी खाली पेला असतो. त्याला छिद्र असेल तरच तो उपयोगाचा, नाहीतर नोझल वाळलेल्या औषधात रुतून बसते.

चौथा मार्ग सगळे सोडवून ठेवण्याचा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच फवारणी करणाऱ्याला, किंवा बोर्डो मिश्रण वापरणाऱ्याला, मी हाच सुचवीन. त्या मिश्रणातला चुना आणि मोरचूद यांचा साका बारीक भोकात घट्ट बसतो. मात्र नट दर आठवड्याला सोडवला आणि आवळला तर आटे झिजतात, ओ-रिंग, म्हणजे सांध्यातले रबरी कडे, हरवते आणि पुढच्या वेळी तिथूनच गळती सुरू होते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी दर आठवड्याला पंप काढणाऱ्याने हा खटाटोप करू नये.

तेव्हा बाल्कनीत जागा कमी असेल, तयार औषधाचा डबा पुरत असेल आणि तो इकडून तिकडे न्यावा लागत असेल, तर खोबणीचा डबा घ्यावा. पण नोझलची जागा वरच्या बाजूला आणि खोबणीला निचरा आहे, याची खात्री करावी. स्वतः मिश्रण करून त्याच दिवशी संपवणाऱ्याने बदलता येणाऱ्या क्लिपचा, नळी गुंडाळायचा पंप घ्यावा. तो ठेवण्यापूर्वी साध्या पाण्याने तीनदा धुऊन प्रत्येक वेळी खटका दाबून नळीतूनही पाणी काढावे. नोझलचे भोक तारेने टोकरू नये व तोंडाने फुंकू नये, जुना मऊ ब्रश पुरतो. पावसाळ्यात टाकी झाकण काढून उपडी ठेवावी, म्हणजे तळाशी पाणी राहून त्यात डास होत नाहीत, आणि नळीचे वेढे त्या वेळी भिंतीवरच्या रुंद खुंटीवर टांगावेत, कारण जमिनीवर पडलेली नळी उंदीर कुरतडतात.